सागरी गॅस टर्बाइनमधील उष्ण क्षरण आणि लेपित अतिमिश्रधातूंची प्रतिकारक्षमता

बीजशब्द : उष्ण क्षरण, सोडिअम सल्फेट, अतिमिश्रधातू, संरक्षक लेप, सागरी गॅस टर्बाइन

प्रस्तावना

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'आयएनएस दिल्ली' ही विनाशिका १५ नोव्हेंबर १९९७ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्या पाठोपाठ १९९९ मध्ये 'म्हैसूर' आणि २००१ मध्ये 'मुंबई' या विनाशिका आल्या. या तिन्ही नौकांना गती देणारी यंत्रे म्हणजे युक्रेनमधील मायकोलाइव्ह येथील झोर्या-माशप्रोएक्त कारखान्यातील गॅस टर्बाइन होत. २०१४ मध्ये दाखल झालेल्या 'कोलकाता'नेही हीच परंपरा पुढे चालविली. याच गोदीतील 'शिवालिक' (२०१०) आणि 'निलगिरी' (२०२५) या फ्रिगेट नौकांवर मात्र डिझेल इंजिनांच्या जोडीला अमेरिकन बनावटीची एलएम-२५०० ही गॅस टर्बाइन आहेत. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले आणि मायकोलाइव्ह शहर रणक्षेत्राच्या छायेत आले. तेव्हापासून टर्बाइनचे सुटे भाग, पात्यांची दुरुस्ती व त्यांवरील लेपांची पुनर्स्थापना देशातच करणे हा केवळ काटकसरीचा प्रश्न उरलेला नाही.

टर्बाइनच्या पात्यांचे आयुष्य बव्हंशी त्यांवरील लेपावर अवलंबून असते. हा लेप काही दशांश मिलिमीटरही जाड नसतो. त्याची उष्ण क्षरणाला तोंड देण्याची क्षमता हा आपल्या देशातील धातुविज्ञान, रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र या विषयांतील अनेक संशोधकांचा अभ्यासविषय झालेला आहे. मात्र 'अमुक लेप सर्वांत प्रतिकारक्षम' असा निष्कर्ष काढताना तो कोणत्या तापमानाला, कोणत्या क्षाराखाली आणि कोणत्या वायूत प्रतिकारक्षम, ही अट बऱ्याचदा मागे पडते. प्रतिकारक्षमता हा केवळ लेपाचा अंगभूत गुणधर्म नव्हे. लेप, क्षार, वायू व तापमान या चौघांच्या संबंधातून ती ठरते, ही बाब प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाची आहे.

मीठ आणि गंधक

आपल्या बोलण्यातील 'गंज' या शब्दात ओलावा गृहीत आहे. उष्ण क्षरणात पाणी नसते. तेथे पाण्याची जागा वितळलेला क्षार घेतो आणि हा क्षार मुख्यतः सोडिअम सल्फेट असतो. समुद्रावरील हवेतून मिठाचे सूक्ष्म कण टर्बाइनमध्ये जातात, इंधनातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड व काही प्रमाणात सल्फर ट्रायऑक्साइड तयार होतात. मीठ, सल्फर ट्रायऑक्साइड व पाण्याची वाफ यांच्या अभिक्रियेतून सोडिअम सल्फेट व हायड्रोजन क्लोराइड मिळतात. समुद्राच्या पाण्यात मुळातही काही सल्फेट असतेच. हा क्षार पात्यांच्या पृष्ठभागावर पातळ थराच्या रूपाने साचतो.

इंधनातील गंधक कमी केले की प्रश्न सुटेल, असे प्रथमदर्शनी वाटते. येथे थोडे गणित करून पाहणे उपयुक्त ठरेल. एलएम-२५०० सारखे टर्बाइन पूर्ण शक्तीवर सेकंदाला सुमारे ७० किलोग्रॅम, म्हणजे ताशी सुमारे अडीच लाख किलोग्रॅम हवा घेते. गाळण्यांमधून गेल्यानंतर या हवेत दशलक्ष भागांत केवळ ०.०१ भाग मीठ उरले आहे असे मानू. तरीही ताशी सुमारे अडीच ग्रॅम मीठ आत जाते. त्याचे पूर्णतः सल्फेटमध्ये रूपांतर होण्यास सुमारे ०.७ ग्रॅम गंधक पुरते. सुमारे २२ मेगावॅट शक्तीसाठी ताशी साधारण पाच टन इंधन जळते. इंधनात ०.५ टक्के गंधक असेल, तर ताशी २५ किलोग्रॅम गंधक उपलब्ध होते. १ एप्रिल २०२० पासून आपल्या रस्त्यांवरील वाहनांसाठी लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकाचे डिझेल, ज्यात दशलक्ष भागांत जास्तीत जास्त १० भाग गंधक असते, ते वापरले तरी ताशी ५० ग्रॅम गंधक मिळतेच. म्हणजे गरजेच्या सुमारे सत्तरपट! तात्पर्य, सोडिअम सल्फेट किती बनेल हे गंधक नव्हे, तर मीठ ठरविते. म्हणूनच जहाजावर हवेच्या प्रवेशमार्गातील जलकण विलग करणाऱ्या गाळण्या, संपीडकाची गोड्या पाण्याने नियमित धुलाई आणि इंधनाच्या टाक्यांत समुद्राचे पाणी न मिसळू देणे या वरवर साध्या वाटणाऱ्या गोष्टींना इतके महत्त्व दिले जाते.

याचा अर्थ गंधक कमी करणे व्यर्थ आहे असा नाही. जानेवारी २०२० मध्ये भारतीय नौदलाने इंडियन ऑइलच्या सहकार्याने 'आयएन-५१२' या सुधारित मानकाचे डिझेल स्वीकारले, त्यातील निकषांत गंधकाच्या प्रमाणाचाही समावेश आहे. गंधक घटल्याने वायूतील सल्फर ट्रायऑक्साइडचा आंशिक दाब घटतो. त्याचा लाभ कोठे होतो, ते पुढे येईल.

संरक्षक ऑक्साइड का विरघळतो?

टर्बाइनची पाती निकेलवर आधारित अतिमिश्रधातूंची असतात. त्यांत ॲल्युमिनिअम व टायटॅनिअम यांच्यामुळे उच्च तापमानाला बळकटी येते. मॉलिब्डेनम व टंगस्टन तीत भर घालतात. क्रोमिअम मात्र प्रामुख्याने क्षरणापासून संरक्षणासाठी असते. गेल्या काही दशकांत टर्बाइनचे तापमान वाढविण्यासाठी बळकटीकडे अधिक लक्ष दिले गेले आणि क्रोमिअम घटत गेले. सागरी व औद्योगिक टर्बाइनमध्ये नावाजलेल्या आयएन-७३८ या मिश्रधातूत सुमारे १६ टक्के क्रोमिअम असते. विमानाच्या इंजिनांसाठी विकसित झालेल्या सीएम-२४७ एलसीमध्ये ते सुमारे ८ टक्केच आहे. दुसरा मिश्रधातू अधिक बळकट खरा, परंतु खाऱ्या वातावरणात तो लेपाशिवाय टिकत नाही. बळकटीसाठी घातलेल्या मॉलिब्डेनम व टंगस्टन यांचे ऑक्साइड क्षारात मिसळले की तो तीव्र आम्लधर्मी होतो आणि क्षरणाला स्वतःच वेग देतो. येथे मिश्रधातूची बळकटी आणि त्याची क्षरणक्षमता एकाच घटकातून येते.

ॲल्युमिनिअम किंवा क्रोमिअम यांच्या ऑक्साइडचा पातळ, सलग पापुद्रा हेच सर्व उष्णतारोधक धातूंचे खरे कवच होय. कोरड्या हवेत हे कवच वर्षानुवर्षे टिकते. वितळलेल्या सल्फेटखाली ते का टिकत नाही, याचे उत्तर रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना परिचित अशा एका गोष्टीत आहे. ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड आम्लातही विरघळते आणि आम्लारीतही. वितळलेल्या सोडिअम सल्फेटचे स्वरूपही असेच समजून घेता येते. त्यात सोडिअम ऑक्साइडची क्रियाशीलता वाढली की तो आम्लारिधर्मी होतो, सल्फर ट्रायऑक्साइड वाढले की आम्लधर्मी. ॲल्युमिनिअम ऑक्साइड पहिल्या स्थितीत ॲल्युमिनेट होऊन विरघळतो, दुसऱ्या स्थितीत सल्फेट होऊन. या दोहोंच्या दरम्यान एका ठरावीक जागी त्याची विद्राव्यता किमान असते. प्रत्येक ऑक्साइडची ही जागा वेगळी असते, हे अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात रॉबर्ट रॅप व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमापांनी दाखवून दिले. त्यापूर्वी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी गोबेल व पेटिट यांनी आम्लारिधर्मी आणि आम्लधर्मी द्रावणक्रियेची कल्पना मांडली होती.

ऑक्साइड एकदा विरघळून क्षार संपृक्त झाला, तर क्षरण थांबावयास हवे. ते थांबत नाही. रॅप आणि गोटो यांच्या मांडणीनुसार क्षाराच्या पातळ थरात धातूलगतची बाजू आणि वायूलगतची बाजू यांची आम्लता सारखी नसते. धातूलगत विद्राव्यता अधिक व बाहेर कमी असेल, तर ऑक्साइड आत विरघळतो, बाहेर सरकतो आणि तेथे सच्छिद्र भुग्याच्या रूपाने पुन्हा अवक्षेपित होतो. क्षार खर्च होत नाही. थोडासा क्षार मोठ्या प्रमाणात धातू खाऊ शकतो. पात्यावर जाड पापुद्रा दिसतो, तरीही त्याखालील धातू उघडाच असतो.

दोन उंचवटे असलेला आलेख

१९६० च्या दशकाच्या अखेरीस, व्हिएतनाम युद्धाच्या काळात समुद्रावरून उडणाऱ्या लष्करी विमानांच्या इंजिनांत हे क्षरण प्रकर्षाने जाणवले आणि अभ्यासाला गती मिळाली. त्या काळी लक्ष होते ते ८५० ते ९५० अंश सेल्सिअस या पट्ट्याकडे. शुद्ध सोडिअम सल्फेटचा द्रवणांक ८८४ अंश आहे. त्याच्या आसपास क्षार द्रव होतो, आणि तापमान आणखी बरेच वाढले की त्याची वाफ होऊन तो पृष्ठभागावर साचतच नाही. हा पहिल्या प्रकारचा उष्ण क्षरण होय. त्यात सच्छिद्र ऑक्साइडखाली, धातूच्या आत, क्रोमिअमच्या सल्फाइडचे कण विखुरलेले आढळतात. गंधक धातूत शिरते आणि मागे राहिलेला क्षार आम्लारिधर्मी होत जातो.

१९७० च्या दशकाच्या मध्यास सागरी टर्बाइनमध्ये एक वेगळाच प्रकार ध्यानात आला. ६५० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात, जेथे सोडिअम सल्फेट घनरूपच असावयास हवे, तेथे पात्यांना खोल खड्डे पडत होते. आत सल्फाइडचे थर फारसे नव्हते. येथे क्षार एकटा नसतो. वायूतील सल्फर ट्रायऑक्साइड धातूच्या कोबाल्ट वा निकेल ऑक्साइडशी संयोग पावून त्यांची सल्फेटे बनवितो. सोडिअम सल्फेट व कोबाल्ट सल्फेट यांचे मिश्रण ५६५ अंशांपासूनच वितळू लागते. निकेल सल्फेटबरोबर हीच मर्यादा ६७१ अंश आहे. सल्फर डायऑक्साइडपासून ट्रायऑक्साइड बनण्याची अभिक्रिया उष्मादायी असल्याने तापमान उतरताना ट्रायऑक्साइडचे प्रमाण वाढते. परिणामी क्षरणाचा वेग व तापमान यांचा आलेख सरळ चढत जात नाही. त्याला सुमारे ७०० आणि सुमारे ९०० अंशांजवळ असे दोन उंचवटे येतात. यंत्र सौम्यपणे चालविले म्हणजे ते अधिक टिकेल, ही आपली सर्वसाधारण समजूत येथे लागू पडत नाही.

युद्धनौकेच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. प्रवासी विमानाचे इंजिन उड्डाणाचा बराच काळ उच्च तापमानावर असते व बहुतेक वेळ समुद्रसपाटीपासून दूर, स्वच्छ हवेत असते. विनाशिका मात्र पूर्ण वेगाने क्वचितच धावते. तिचा बराच काळ गस्तीच्या संथ वेगात जातो आणि तेव्हा पात्यांचा पृष्ठभाग नेमका दुसऱ्या प्रकारच्या पट्ट्यात येतो. पूर्ण वेगातही पात्याचा बुंधा व त्याच्या चौथऱ्याखालचा भाग तुलनेने थंड राहतो. म्हणजे एकाच पात्याच्या दोन भागांत, वा एकाच नौकेच्या दोन दिवसांत, दोन्ही प्रकारचे क्षरण संभवते.

लेपांची निवड

सर्वांत जुना व स्वस्त लेप ॲल्युमिनाइड होय. पाती ॲल्युमिनिअमच्या संयुगांच्या भुकटीत पुरून तापविली जातात. ॲल्युमिनिअम पृष्ठभागात शिरून निकेल-ॲल्युमिनाइडचा थर बनतो. तो ॲल्युमिनिअम ऑक्साइडचे उत्तम कवच देतो, पण ठिसूळ असतो. आधी प्लॅटिनमचा मुलामा देऊन मग ॲल्युमिनाइड केले, तर कवचाची पकड सुधारते व पहिल्या प्रकारच्या क्षरणाला प्रतिकार लक्षणीय वाढतो. दुसऱ्या प्रकारासमोर या लेपाचा लाभ तितका नसतो.

दुसरे कुटुंब आच्छादन लेपांचे. कोबाल्ट किंवा निकेल, क्रोमिअम, ॲल्युमिनिअम आणि अल्पसे इट्रिअम यांचा मिश्रधातू निर्वातात इलेक्ट्रॉन शलाकेने वाफ करून अथवा प्लाझ्मा फवाऱ्याने पात्यावर बसविला जातो. येथे घटकांचे प्रमाण मूळ धातूवर अवलंबून नसते, ही मोठी सोय आहे. इट्रिअम कवचाची धातूशी असलेली पकड घट्ट करते. सुमारे २० टक्के क्रोमिअम व १० ते १२ टक्के ॲल्युमिनिअम असलेला कोबाल्ट-आधारित लेप ९०० अंशांना उत्कृष्ट ठरला आणि सागरी टर्बाइनसाठी स्वीकारला गेला. ७०० अंशांना त्याच लेपाला खड्डे पडले. कारण कोबाल्टच कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रणाचा घटक पुरवीत होता. उपाय म्हणून क्रोमिअमचे प्रमाण ३० टक्के व त्याहून अधिक नेण्यात आले. क्रोमिअम ऑक्साइडचे कवच सल्फर ट्रायऑक्साइडच्या वातावरणातही सावरते. परंतु असा लेप अधिक ठिसूळ होतो, आणि ९०० अंशांच्या बऱ्याच वर क्रोमिअम ऑक्साइड बाष्परूपाने उडू लागल्याने तेथे ॲल्युमिनिअम ऑक्साइडचीच गरज पडते. सिलिकॉनयुक्त लेपांचाही विचार होतो, कारण सिलिका आम्लधर्मी क्षारात जवळपास विरघळत नाही. आम्लारिधर्मी क्षारात मात्र ती सिलिकेट होऊन जाते.

या साऱ्यावर सिरॅमिकचा उष्णतारोधी थर दिला की क्षरणाची चिंता मिटते, असा एक समज आढळतो. इट्रिआने स्थिर केलेल्या झिर्कोनिआचा हा थर सच्छिद्र असतो. द्रव क्षार त्यातून खालच्या लेपापर्यंत पोचतो, आणि इंधनात व्हॅनेडिअम असल्यास ते इट्रिआ काढून घेऊन झिर्कोनिआला अस्थिर करते. उष्णतेपासून संरक्षण व क्षारापासून संरक्षण ही दोन वेगवेगळी कामे आहेत.

महाराष्ट्रात या विषयाशी सर्वांत जवळची संस्था म्हणजे अंबरनाथ येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा. १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत एका लहान रासायनिक व धातुशास्त्रीय प्रयोगशाळेच्या रूपाने तिचा आरंभ झाला. अतिमिश्रधातू व त्यांवरील लेपांचा अभ्यास हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्रीय संशोधन प्रयोगशाळेत झालेला आहे, तर नौदलाच्या गॅस टर्बाइनची देखभाल व पुनर्बांधणी विशाखापट्टणम येथे केली जाते.

चाचणीच्या पद्धतीविषयी

लेपित मिश्रधातूंवरील भारतीय शोधनिबंधांत एक चाचणी वारंवार आढळते. नमुन्यावर ४० टक्के सोडिअम सल्फेट व ६० टक्के व्हॅनेडिअम पेंटॉक्साइड यांचा लेप देतात. तो नळीच्या भट्टीत ९०० अंशांना एक तास ठेवतात, वीस मिनिटे थंड करतात, अशी पन्नास चक्रे पूर्ण करतात. प्रत्येक चक्रानंतर वजनवाढ नोंदवून तिच्यावरून लेपांची क्रमवारी लावतात. चाचणी सोपी, स्वस्त व तुलनायोग्य आहे, आणि तिच्यातून पुष्कळ उपयुक्त माहिती मिळालेली आहे. परंतु अशा निबंधाच्या प्रस्तावनेत 'सागरी गॅस टर्बाइन' असा उल्लेख असतो तेव्हा काही प्रश्न उपस्थित होतात.

व्हॅनेडिअम हे फर्नेस ऑइलसारख्या अवशिष्ट इंधनात असते; नौदलाच्या ऊर्ध्वपातित डिझेलमध्ये ते नगण्य असते. सोडिअम सल्फेटच्या तुलनेत ही मिश्रणे पुष्कळच कमी तापमानाला वितळतात व तीव्र आम्लधर्मी असतात. तेव्हा ही चाचणी हलके इंधन वापरणाऱ्या विनाशिकेपेक्षा जड तेल जाळणाऱ्या बॉयलरला अधिक लागू पडते. तापमानाचाही प्रश्न आहे. ९०० अंशांवरील क्रमवारी ७०० अंशांना उलटू शकते, हे कोबाल्ट-आधारित लेपांच्या इतिहासाने दाखविलेच आहे. आणि वजनवाढ हे माप फसवे ठरते. ऑक्साइड गळून पडला, क्षाराची वाफ झाली किंवा क्लोराइड उडून गेले, तर वजन कमी भरते आणि नमुना 'उत्तम' ठरतो. दुसऱ्या प्रकारात खड्डा खोल गेला तरी सरासरी वजनात फारसा फरक पडत नाही. नमुना कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली उरलेल्या निरोगी धातूची जाडी व सर्वांत खोल खड्डा मोजणे हाच भरवशाचा मार्ग होय. पाण्याऐवजी तेलात किंवा अल्कोहोलमध्ये नमुना घासणे आवश्यक असते, अन्यथा विद्राव्य क्षार व सल्फेटे धुऊन जातात आणि पुरावाच नष्ट होतो.

मफल भट्टी, ०.१ मिलिग्रॅमचा तराजू आणि धातुशास्त्रीय सूक्ष्मदर्शक एवढ्या साधनांवर महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही पहिल्या प्रकारच्या क्षरणाचा अभ्यास शक्य आहे. नमुना सुमारे २०० अंशांना तापवून त्यावर सोडिअम सल्फेटचे द्रावण कुंचल्याने लावले असता प्रति चौरस सेंटिमीटर ३ ते ५ मिलिग्रॅम क्षाराचा थर बसतो. दुसऱ्या प्रकारासाठी मात्र साध्या हवेतील भट्टी चालत नाही. सल्फर ट्रायऑक्साइड नसल्यास ७०० अंशांना क्षार वितळतच नाही, नमुना जवळजवळ अबाधित राहतो आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरतो. येथे सल्फर डायऑक्साइडचा नियंत्रित प्रवाह, प्लॅटिनमचा उत्प्रेरक व विषारी वायूंचा निचरा यांची व्यवस्था हवी. ती नसेल, तर त्या तापमानाविषयी विधान न करणे हेच शास्त्रीयदृष्ट्या उचित होय.

परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जिल्ह्यातील अभ्यासकांना या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. गोदावरीकाठच्या ऊसपट्ट्यातील साखर कारखान्यांत बगॅस जाळून वीज निर्माण केली जाते. तेथील बॉयलरमध्ये वाफ अतितप्त करणाऱ्या नळ्यांवर राख साचते आणि तिच्याखाली नळ्यांचा पोलाद झिजतो. रसायन तेच नाही, पण त्याच जातीचे आहे. येथे सोडिअमच्या जागी मुख्यतः पोटॅशिअम असते, सल्फेटच्या जागी क्लोराइड. बगॅसमध्ये गंधक अल्प असल्याने पोटॅशिअम क्लोराइडचे सल्फेटमध्ये पूर्ण रूपांतर होत नाही. जहाजात शत्रू ठरणारे गंधक येथे क्लोराइड घटविण्यास एका मर्यादेपर्यंत साहाय्यक ठरते. पोटॅशिअम क्लोराइड ७७० अंशांना वितळते, म्हणजे नळीच्या तापमानाला ते घनच असते. तरीही ते क्रोमिअम ऑक्साइडशी अभिक्रिया करून पोटॅशिअम क्रोमेट बनविते व कवच फोडते. मुक्त झालेला क्लोरीन पापुद्र्याच्या भेगांतून आत जाऊन लोहाचे बाष्पशील क्लोराइड करतो. ते बाहेर येऊन ऑक्साइड होते आणि क्लोरीन पुन्हा मोकळा होतो. त्यामुळे ७०० अंशांच्या सागरी टर्बाइनसाठी सुचविलेला अधिक क्रोमिअमचा उपाय बगॅस बॉयलरमध्ये जसाच्या तसा लागू करता येत नाही. निकेलचे प्रमाण अधिक असलेले लेप तेथे तपासून पाहावे लागतात. त्यासाठी क्षार बाजारातून आणण्याऐवजी हंगामाच्या अखेरीस बॉयलर बंद होतो तेव्हा नळ्यांवरील राखेचा नमुना घेऊन, त्यातील क्लोराइड, सल्फेट व पोटॅशिअम यांचे पृथक्करण करून, त्याच राखेखाली ५०० ते ६०० अंशांदरम्यान चाचणी घेणे अधिक योग्य ठरेल. असे पृथक्करण करण्याची साधने बहुतेक रसायनशास्त्र विभागांत आहेत: क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेटचे अनुमापन, सल्फेटसाठी बेरिअम क्लोराइड आणि पोटॅशिअमसाठी ज्वाला प्रकाशमापी.